राष्ट्रीय उद्यानातील संशोधनात आणि निसर्गशिक्षणात सहभागी होताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच उपाय होता : पिंजरा लावा, बिबट्या पकडा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा. याच सुमारास जुन्नर परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास चालू होता. पकडलेले बिबटे ज्या भागात नेऊन सोडले गेले, त्या भागात माणसांवरील हल्ले वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ज्याला आपण उपाय समजत होतो तोच दुखण्याचे एक कारण होता. हे कळले ते एका संशोधकाच्या प्रश्नामुळे आणि वन विभागाने पकडलेल्या व सोडलेल्या बिबट्यांच्या नोंदींमुळे. दोहोंपैकी एक जरी नसते, तरी उत्तर हाती आले नसते.

पुढे २०११ मध्ये, सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना, ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू झाला. बिबटे किती आहेत, ते काय खातात, हल्ले कुठे झाले आणि लोकांना त्यांच्याविषयी काय वाटते, या प्रश्नांवर संशोधक, वन कर्मचारी आणि स्वयंसेवक एकत्र काम करू लागले. त्यातून हाती आलेली माहिती पत्रकारांच्या कार्यशाळांतून, पोलिसांच्या प्रशिक्षणातून आणि गृहनिर्माण संस्थांमधील बैठकांतून लोकांपर्यंत गेली. उघड्यावर कचरा पडला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, ही आज मुंबईच्या उपनगरांत अनेकांना ठाऊक असलेली गोष्ट याच कामातून घरोघरी पोहोचली.

अशा भागीदारीत आपलाही हातभार लागावा असे वाटणारे अनेक शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि निसर्गमंडळांचे कार्यकर्ते मला भेटतात. उत्साह भरपूर असतो, पण सुरुवात कुठून करावी हे कोणी सांगितलेले नसते. त्यांच्यासाठी, गेल्या काही वर्षांच्या अनुभवाच्या आधारे, हा लेख लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः संजय गांधी उद्यानाची आहेत, कारण तेच मला जवळून माहीत आहे. परंतु कायदा आणि कामाची पद्धत ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल आणि चांदोली या महाराष्ट्रातील इतर राष्ट्रीय उद्यानांतही मूलतः हीच आहे.

पहिली पायरी : आधी पाहुणे म्हणून जा

संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या जंगलात सामान्य अभ्यागत म्हणून जावे, असा माझा आग्रह असतो. संजय गांधी उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव, कान्हेरीची लेणी आणि अनेक आदिवासी पाडे त्यात सामावलेले आहेत. हे उद्यान सोमवारी बंद असते. मार्गदर्शकासह होणाऱ्या निसर्गफेऱ्यांची चौकशी बोरिवलीच्या प्रवेशद्वाराजवळील निसर्ग माहिती केंद्रात करता येते. उद्यानाला लागूनच, गोरेगावच्या चित्रनगरीजवळ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली आणि पक्षी, फुलपाखरे, झाडे ओळखायला शिकण्यासाठी नवख्या माणसाला याहून चांगली जागा मुंबईत शोधावी लागेल.

विदर्भातील वाचकांसाठी दुसरी वाट म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचा ‘निसर्गानुभव’. चंद्रप्रकाशात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याचा हा कार्यक्रम वन विभाग अनेक अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत आयोजित करतो. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. मात्र या रात्रीच्या नोंदींवरून प्राण्यांची खरी संख्या काढता येत नाही, हे सहभागी होणाऱ्याने समजून घ्यावे. बारा-चौदा तास एका जागी न बोलता बसणे, वेळ आणि प्राणी यांची नोंद त्याच क्षणी कागदावर उतरवणे, आणि न दिसलेले न लिहिणे, एवढे या एका रात्रीत शिकता आले तरी पुढच्या कामाची निम्मी तयारी झाली असे मी समजतो.

दुसरी पायरी : कोणाचा अधिकार कोणता, हे समजून घ्या

बहुतेक अर्ज चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे रखडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण किंवा वैज्ञानिक संशोधन यांसाठी प्रवेश परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे आणि कलम ३५ मुळे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. महाराष्ट्रात हे पद प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असून त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. उद्यानाचे संचालक, किंवा व्याघ्र प्रकल्प असल्यास क्षेत्र संचालक, हे प्रत्यक्ष त्या जंगलाचे प्रमुख असतात आणि त्यांचे मत मागवल्याशिवाय सहसा निर्णय होत नाही. त्यांच्या खाली वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि वनरक्षक अशी उतरंड असते. त्यांच्या ताब्यातील क्षेत्रांना बोलताना सगळे जण अनुक्रमे ‘रेंज’, ‘राउंड’ आणि ‘बीट’ म्हणतात. ते आपल्यालाही सरावाचे व्हायला हवेत, कारण आपल्या अर्जात कामाचे ठिकाण याच भाषेत लिहावे लागते.

कायद्यातील एक मुद्दा विद्यार्थी हमखास चुकवतात. ‘शिकार’ म्हणजे केवळ प्राणी मारणे नव्हे. प्राणी पकडणे, त्यासाठी सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडते. त्यामुळे एखादा संरक्षित प्राणी हाताळायचा असेल, त्याला रेडिओ कॉलर लावायची असेल किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा असेल, तर केवळ प्रवेश परवाना पुरत नाही. कलम १२ खाली स्वतंत्र परवानगी लागते आणि पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्यांच्या बाबतीत केंद्र सरकारची पूर्वसंमतीही लागते. विष्ठा, पिसे, गळलेली शिंगे यांनाही परवानगीशिवाय हात लावू नये. नवख्यांनी पहिला प्रकल्प असा निवडावा की ज्यात कोणत्याही प्राण्याला स्पर्श करावा लागणार नाही.

परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. भारतातील जैविक नमुने किंवा त्यांच्यावर आधारित संशोधन परदेशी संस्थेकडे जाणार असेल, तर जैवविविधता अधिनियम, २००२ लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा संबंध येतो. म्हणून भारतातील सहयोगी संस्था आधी पक्की करावी, तिकीट नंतर काढावे.

तिसरी पायरी : प्रश्न जंगलाला विचारून घ्या

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

नवीन गट बहुधा उत्तर हातात घेऊनच येतो. त्यांना फुलपाखरांची यादी करायची असते किंवा ट्रॅप कॅमेरे (समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) लावायचे असतात, आणि त्यासाठी जंगल हवे असते. वन विभागाच्या दृष्टीने अशी यादी ही आणखी एक फाइल ठरते. याउलट, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसमोर बसून ‘तुम्हाला कोणती माहिती हवी आहे आणि ती मिळत नाही?’ असे विचारले, तर दहा मिनिटांत चार उत्तम प्रश्न मिळतात. कोणत्या रस्त्यावर कोणत्या महिन्यात प्राणी वाहनांखाली मरतात? उन्हाळ्यात कोणता पाणवठा कोणत्या तारखेला आटतो? घाणेरी आणि रानमोडीसारख्या उपऱ्या झुडपांनी कोणत्या बीटमधील गवताची जागा घेतली आहे? सहलीच्या दिवशी किती प्लॅस्टिक आत राहते आणि हरणांच्या पोटात त्यातले किती जाते? यातील पहिले दोन प्रश्न दहावीच्या मुलांनाही हाताळता येतात आणि त्यांची उत्तरे उद्यानाच्या कामी येतात. प्रत्येक संरक्षित क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा असतो आणि त्यात संशोधनाच्या गरजांची नोंद असते. तो पाहायला मिळाल्यास आपला प्रश्न त्यातील गरजेशी जोडून दाखवावा.

वनरक्षकाला विचारणे त्याहूनही आवश्यक आहे. आमच्या गटाच्या पहिल्या कामात आम्ही नकाशावर चौकोन आखून कॅमेऱ्यांच्या जागा ठरवल्या आणि बीटच्या वनरक्षकाला केवळ वाट दाखवण्यासाठी सोबत घेतले. पंधरा दिवसांनी एका कॅमेऱ्यात हजारो छायाचित्रे आली आणि ती सर्व वाऱ्याने हलणाऱ्या गवताची होती. ‘इथून जनावर जात नाही, ते वरच्या नाळीतून उतरतं,’ असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांना आधी कोणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून जागा ठरवण्याच्या दिवशी आम्ही नकाशा त्यांच्यासमोर पसरतो आणि पेन त्यांच्या हातात देतो.

पाड्यांतील लोकांचे ज्ञान हा वेगळाच खजिना आहे. वारल्यांचा वाघोबा हा देव केवळ श्रद्धेचा विषय नाही; वाघ-बिबट्यांसोबत राहण्याचे अनेक पिढ्यांचे नियम त्याच्या भोवती गुंफलेले आहेत, आणि महाराष्ट्रातील वारली व वाघोबा यांच्यातील या नात्यावर २०२१ मध्ये शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला आहे. पाड्यावरील माणसाला वाटाड्या म्हणून नेले, तर त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्यावी. त्याने दिलेली माहिती अहवालात वापरली, तर त्याच्या संमतीने त्याचे नाव श्रेयात लिहावे. हा खर्च आणि हे श्रेय प्रस्तावातच नमूद असावे. नंतर आठवण झाली तर देऊ, असे ठेवू नये.

चौथी पायरी : आधार देणारी संस्था शोधा

एकट्या व्यक्तीच्या अर्जापेक्षा महाविद्यालय, विद्यापीठाचा विभाग किंवा नोंदणीकृत संस्था यांच्यामार्फत आलेला अर्ज अधिक गांभीर्याने पाहिला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण अपघात झाला, उपकरण हरवले किंवा विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर जबाबदारी घेणारे कोणीतरी असावे लागते. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा भूगोल या विभागांतील मार्गदर्शक पुरेसा असतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही मागे राहू नये. ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’च्या कामात लोकांच्या मुलाखतींना बिबट्यांच्या छायाचित्रांइतकेच महत्त्व होते.

मोठ्या भागीदारीचे स्वरूप कसे असते, हे समजण्यासाठी अखिल भारतीय व्याघ्रगणनेकडे पाहावे. २००६ पासून दर चार वर्षांनी होणारी ही गणना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्यांचे वन विभाग मिळून करतात. पहिल्या टप्प्यात वनरक्षक आपापल्या बीटमध्ये पायी फिरून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा आणि ठरलेल्या रेषेवरून दिसणारे तृणभक्षी प्राणी नोंदवतात. पुढे ट्रॅप कॅमेरे आणि सांख्यिकी येते. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांपैकी महाराष्ट्राचा आकडा ४४४ होता. हा आकडा वर्तमानपत्रात वाचताना त्याच्या तळाशी हजारो वनरक्षकांची पायपीट आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

पाचवी पायरी : अर्ज

अर्ज चार-पाच पानांपेक्षा मोठा नसावा. त्यात अभ्यासाचा प्रश्न साध्या मराठीत, पद्धत, कामाची बीटनिहाय ठिकाणे, महिने आणि वेळा, सहभागी व्यक्तींची नावे व ओळखपत्रे, वाहनांचे क्रमांक, वापरायची उपकरणे, निधीचा स्रोत आणि संस्थेचे शिफारसपत्र एवढे असावे. रात्री थांबण्याची गरज असेल तर ती कारणासह स्पष्ट लिहावी. मिळणारी माहिती वन विभागाला कोणत्या स्वरूपात आणि कधी देणार, हे बहुतेक जण लिहीत नाहीत. तो परिच्छेद असला की अर्जाचा सूरच बदलतो. मूळ अर्ज नागपूरला पाठवताना त्याची एक प्रत उद्यानाच्या संचालकांना द्यावी आणि शक्य असल्यास समक्ष भेटून विषय समजावून सांगावा.

परवानगीला काही महिने लागू शकतात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तिसऱ्या सत्राच्या प्रबंधासाठी पहिल्या सत्रातच अर्ज करावा. परवाना आल्यावर त्यातील प्रत्येक अट वाचावी, त्याची प्रत संबंधित रेंज कार्यालयात नेऊन द्यावी आणि एक प्रत कायम खिशात ठेवावी. नाक्यावरील वनमजुराला नागपूरचे पत्र ठाऊक असण्याचे कारण नाही.

सहावी पायरी : प्रत्यक्ष काम

ट्रॅप कॅमेऱ्याचे काम सर्वांनाच आकर्षक वाटते, म्हणून तेच जवळून पाहू. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक प्राण्यात निराळी असते आणि एकाच प्राण्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरही ती सारखी नसते. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, परंतु एकमेकांच्या फ्लॅशमध्ये येणार नाहीत असे किंचित तिरके, दोन कॅमेरे लावावे लागतात. उंची साधारणपणे माणसाच्या गुडघ्याएवढी असते. कॅमेऱ्यासमोरचे लांब गवत बाजूला दाबावे, पण झाडाची फांदी तोडू नये. नंतर एकाने चक्क हातापायांवर रांगत त्या वाटेवरून जावे आणि दिवा लागतो का ते दुसऱ्याने पाहावे. उभ्याने चालून केलेली चाचणी फसवी ठरते. तारीख आणि वेळ दोन्ही कॅमेऱ्यांत सेकंदापर्यंत जुळवलेली असावी, अन्यथा डावी आणि उजवी कूस एकाच बिबट्याची आहे हे नंतर सिद्ध करता येत नाही. शेवटी ठिकाणाचा क्रमांक, कॅमेऱ्यांचे क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरून एक छायाचित्र घ्यावे. दोन महिन्यांनी शेकडो फोल्डर उघडून बसल्यावर ही पाटी किती मोलाची असते, ते कळते.

याच पद्धतीने २०१५ मध्ये संजय गांधी उद्यान आणि त्याच्या परिसरात ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले. कोट्यवधींच्या महानगराला खेटून असलेल्या जंगलासाठी हा आकडा थक्क करणारा होता, आणि तो ठिपके जुळवत बसलेल्या डोळ्यांनी दिला.

सुरक्षेचे नियम थोडे आणि सक्तीचे आहेत. एकट्याने जाऊ नये, वन कर्मचाऱ्याशिवाय वाट सोडू नये, अंधारापूर्वी बाहेर पडावे, पावसाळ्यात पूर्ण बूट घालावेत, आणि बिबट्या दिसल्यास त्याला निघून जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी.

सातवी पायरी : माहिती सांभाळणे

येथे मला कडक बोलावेसे वाटते. दुर्मीळ प्राण्याचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे होय. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनिरीक्षणे नोंदवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर केले जाते, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तशी सोय नसते. घुबडाचे घरटे, बिबट्याची पिल्ले असलेली जागा, आणि ट्रॅप कॅमेऱ्यांची ठिकाणे गटाबाहेर जाऊ देऊ नयेत. कॅमेऱ्यात माणसे आली असल्यास ती छायाचित्रे वेगळी काढून फक्त वन विभागाकडे द्यावीत. लाकूडफाटा आणायला निघालेल्या बाईचे चित्र व्याख्यानात पडद्यावर दाखवणे हा तिचा अपमान आहे.

शाळांसाठी

शिक्षकांना वेगळा परवाना काढून मोठे संशोधन करण्याची गरज नाही. एका दिवसाच्या सहलीऐवजी त्याच निसर्गवाटेवर वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत, तीच तीस मुले न्यावीत. दहा झाडे ठरवावीत आणि प्रत्येक फेरीत पालवी, फूल, फळ, पानगळ यांची नोंद एकाच तक्त्यात करावी. पांगारा, सावर, पळस, कुडा ही झाडे मुले दुसऱ्या फेरीत लांबूनच ओळखू लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील वन्यजीव सप्ताहात उद्यानांत गर्दी असते, त्यामुळे पहिली भेट त्या आठवड्यात ठेवू नये. वनरक्षकाला अर्ध्या तासासाठी वर्गात बोलावता आले, तर त्याहून चांगले. ‘तुम्ही रोज किती चालता?’ हा मुलांचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर ऐकल्यावर वर्ग शांत होतो.

काम संपताना

लावलेली प्रत्येक वस्तू, झाडाला बांधलेली फीत आणि खिळासुद्धा, काढून आणावी. परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अहवाल द्यावा, आणि तो दोन प्रकारांत असावा : नागपूर आणि संचालक कार्यालयासाठी सविस्तर, व रेंज कार्यालयासाठी दोन पानी मराठी सारांश, नकाशासह. शोधनिबंध प्रसिद्ध झाला तर त्याची छापील प्रत पाठवावी. पाड्यावर जाऊन छायाचित्रे दाखवावीत. ज्या वाटेने आपण रोज पाणी आणतो तिथूनच पहाटे साडेतीनला बिबट्या शांतपणे गेला, हे पाहिल्यावर बायका आपापसांत जे बोलतात, त्यातून पुढच्या वर्षीचा प्रश्न मिळतो. तो वहीत लिहून घ्यावा आणि त्याच आठवड्यात रेंज कार्यालयात जाऊन सांगावा.